सहा फुटाचा स्मोकर

माह्या वेल्डिंगच्या दुकानात येनारा दर दुसरा मानूस मूर्ख असते, अन् जो नसते तो आपल्या मूर्ख भावाले संगं घेऊन येते. तीस वर्सं झाली मले मोहाडीत दुकान टाकून. गेट, ग्रील, धानाची कोठी, ट्रॉलीचं फालकं, जे म्हनाल ते केलं. लोखंडानं मले कधी तरास नाही दिला. तापवलं का लाल होते, ठोकलं का वाकते. मानसाले कितीही ठोका, तो जिथल्या तिथं.

आमच्या इकडच्या लोकाइचा एक खानदानी रोग आहे. तो आधी सांगतो, नाहीतं पुढचं तुमाले समजनार नाही. आमी कोनतीही वस्तू मंडईच्या मापानं घेतो. मंडई म्हनजे दिवाळीनंतर गावोगावी भरते तो मेळा. आज या गावाची, उद्या त्या गावाची. ज्या गावची मंडई असन त्या गावात घरोघरी पाहुने. जवाई, साळे, इवाई, अन् कोनाचे कोन हे घरधन्यालेही माहीत नसते असे चार-दोन. दुपारी मटन, संध्याकाळी दंडार नाहीतं नाटक. वर्सातून एक दिवस! पन त्या एका दिवसासाठी आमी ओसरी बांधतो मंडईची अन् मटन रांधाचा गंज घेतो मंडईचा. चार मानसाच्या घरात पन्नास मानसाचा गंज. बाकी वर्सभर त्यात कोंबडी अंड्यावर बसते. अन् मालक येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवते, "हा आपला गंज." जसा का त्यानं गडच जिंकला.

मी हे तोंडावर बोलतो. म्हनून मोहाडीत मले तोंडाळ म्हन्तात. म्हनोत बापडे. पन याच तोंडापायी माह्या पोरीच्या, मोनिकाच्या, दोन सोयरिकी मोडल्या. पहिल्या वेळी पोराचा मामा घर पाहाले आला अन् आमच्या गेटले हात लावून म्हने, "याच्यावर दोन सिंह पायजे होते." मी म्हटलं, "सिंह कायले? तुमीच उभे राहा न भाऊ, एका बाजूनं." ते लोक चहा न पेता गेले. दुसऱ्या वेळी पोराचा बापच होता. त्याचं मी काही सांगत नाही, तोंडात शिव्या येतात.

तिसरा पोरगा मोनिकानं सोता पाहिला. नीलेश. भंडाऱ्याले दोघं संगं आयटीआयले होते, ती ड्राफ्ट्समन, तो इलेक्ट्रिशियन. ती आता माह्याच दुकानात नकाशे काढते, माप घेते, अन् खरं सांगतो, माह्यापेक्षा चांगलं घेते. तो भंडाऱ्यात सोलर बसवनाऱ्याकडं कामाले आहे. पोरगा दिसाले बरा, बोलाले गोड. दोन वर्सापासून दोघाइचं ठरलं होतं, घरी सांगितलं यंदा. त्याचा बाप भुपेंद्रभाऊ. त्यानं जवाहरनगरच्या फॅक्टरीत जलम काढला, तिथंच क्वार्टरमंदी राहिला, अन् रिटायर झाल्यावर गावात दोन मजली घर बांधलं. त्यानं निरोप धाडला, "आमच्या गावच्या मंडईले पोरीले घेऊन या. चार सोयऱ्याइसमोर साक्षगंधाची तारीख काढून टाकू."

निरोप आला त्याच दिवशी माह्या बायकोनं, चंद्रकांतानं, मले देवासमोर उभं केलं. "लग्न लागेपर्यंत तोंडातून वाकडा शब्द काढनार नाही, म्हना."

"अवो, पन समोरच्यानं काही..."

"म्हना!"

म्हटलं बुवा. मोनिका दारात उभी होती. हसून राहिली होती, पन डोळे भरले होते तिचे. "बाबा, मले नीलेश पायजे," म्हने. माह्या पोरीनं आजवर मले कधी काही मागितलं नाही. मागितलं तं हे एवढंच. तवा मी ठरवलं, जिभेचा चावून चावून भुगा झाला तरी चालन, पन ही सोयरीक मोडू द्याची नाही.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी भुपेंद्रभाऊ दुकानात हजर. संगं नीलेश. पांढरा सफारी, काळा चश्मा, हातात मोबाईल. नोकरी सुटली पन चाल अजून इन्स्पेक्शनची. आल्या आल्या माह्या ग्राइंडरकडं पाहून म्हने, "इथं सेफ्टीचा पत्ता नाही."

मी म्हटलं, "हाव."

पाहा! "हाव" म्हटलं मी. दुसरा कोनी असता तं त्याले मी ग्राइंडरसकट बाहेर काढला असता.

"तेजरामभाऊ, मले एक स्मोकर बनवून पायजे."

मले वाटलं बिडी-सिगारेटीचं काही यंत्र असन. त्यानं मोबाईल माह्या नाकासमोर धरला. कोनी परदेशी ढेरपोट्या, डोक्यावर टोपी, अन् त्याच्यापुढं लोखंडाचा लांबच लांब ड्रम. एका टोकाले चूल, दुसऱ्या टोकाले नळा, मंदात जाळीवर मटनाचे मोठमोठे गड्डे. झाकन लावलं का मटनाले आच लागत नाही, नुसता गरम धूर फिरते अन् सहा-आठ घंट्यानं मटन लोण्यासारखं होते. बार्बेक्यू म्हन्तात त्याले. भुपेंद्रभाऊनं नागपूरकडं कोन्या दोस्ताच्या फार्महाऊसवर ते खाल्लं होतं, अन् तवापासून त्याच्या अंगात आलं होतं.

"मंडईले करू," म्हने. "ऐंशी पाहुने आहेत. पुऱ्या तालुक्यात कोनाकडं अशी वस्तू नाही."

हे खरं कारन. चव-बिव काही नाही. तालुक्यात कोनाकडं नाही, झालं. उद्या याले कोनी सांगितलं का तालुक्यात कोनाकडं शिंग नाही, तं हा डोक्यावर शिंग वेल्डिंग करून घेईन.

पन मी कामाचा मानूस आहे, अन् त्यात शपथ घेतलेला. गोडीनं विचारलं, "भाऊ, घरी मानसं किती?"

"चार."

"एरवी कवा कवा करान?"

"रविवारी वगैरे."

"मंग माहं ऐका. एकच ड्रम कापून घ्या. दोन फूट लांब. चार मानसाचं आरामात होते, पाहुने आले तं दोन घान काढता येतात. पेटी मोठी अन् मटन थोडं असलं का धूर नुसता भटकत फिरते. लाकूड मनभर जाते. चुलीकडचं जळते, नळ्याकडचं कच्चं राहते. पेटी भरली असन तंच आच धरते. माप रोजच्या खान्याचं घ्याचं असते, मंडईचं नाही."

तो हसला. कसा हसला सांगू? साहेब लोक चपराश्याच्या पोराले हसतात तसा. "तेजरामभाऊ, तुमी लय छोटा विचार करता."

छोटा विचार! ज्या मानसानं तीस वर्सं दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर शिक्के मारले, तो मले मोठा विचार शिकवते. जिभेच्या टोकावर आलं होतं. पानी पेलो. गिळलं.

"दोन ड्रम जोडा," तो म्हने. "पुरा सहा फूट झाला पायजे. अन् सळ्या दोन-दोन इंचावर, व्हिडिओत आहेत तशा. हवा खेळली पायजे मंदातून."

मोनिका मागं टेबलावर बसली होती. पेन्सिल कानामागं खोचून पुढं आली. "काका, एक विचारू? मटन कसं येनार? सबंद तंगड्या येनार, का वाट्याचं येनार?"

प्रश्न असा होता का मीच मनात म्हटलं, शाब्बास पोरी! माह्या डोक्यात नव्हता आला. आमच्या खेड्यात मंडईले बकरा एकट्याचा नसते. दहा-पंधरा घरं मिळून बकरे कापतात, बारीक बारीक तुकडे करतात, अन् पळसाच्या पानावर सारखे वाटे घालतात. दर वाट्यात थोडी कलेजी, थोडी चरबी, थोडी नळी, थोडी छाती. कोनाले जास्त नाही, कोनाले कमी नाही. सबंद तंगडी एकट्यानं मागनं म्हनजे बाकी घराइच्या ताटात हात घालनं. व्हिडिओतल्या ढेरपोट्याले वाटा माहीत नाही, त्याचं ठीक आहे. पन ज्याचा बाप याच गावात वाटे उचलत मेला त्यालेही ते आठवू नये?

"बेटा, ते मी पाहीन," भुपेंद्रभाऊ म्हने, अन् चश्मा लावून बाहेर गेला.

मोनिकानं नीलेशले थांबवलं. कागदावर नकाशा काढला. लांबी चोवीस इंच, नळा इथं, झाकन असं, अन् जाळी बारीक, कारन मटन वाट्याचं. पंधरा मिनिटं समजावलं त्याले. मी ग्राइंडर बंद ठेवून ऐकत होतो. नीलेश मान हालवून म्हने, "एकदम बरोबर आहे तुहं. दोन इंचातून तं अर्धं मटन खाली पडन. मी बाबाले समजावतो." कागद घडी करून त्यानं खिशात टाकला. माह्या या दोन कानानं ऐकलं मी हे.

तिसऱ्या दिवशी आला. "काका, दोन ड्रमाचाच करा. सळ्या दोन इंचावर."

"सांगितलं का तू बाबाले, वाट्याचं?" मोनिकानं विचारलं.

"सांगतो न. मूड पाहून सांगतो. मंडईले अजून वेळ आहे."

तवाच मले समजाले पायजे होतं. गिऱ्हाइकाच्या बोलन्यातल्या लबाडीचा मले दुकानाच्या पायरीवरूनच वास येते. पन जवाई कराचा म्हटला का मानसाचं नाकही मरते. मी म्हटलं, पोरगा बापाचा मान ठेवते, चांगलं आहे. असं म्हटलं मी! मीच! दुसऱ्या कोनी म्हटलं असतं तं त्याले येड्यात काढलं असतं.

काम सुरू केलं. दोन ड्रम आनले, मंदात जाळ करून त्याइचा रंग अन् जुनं तेल जाळून टाकलं, कारन तसाच ठेवला तं मटनाले घासलेटाचा वास येते. जोडले. बुडाले पाय लावले. उभा केला तवा शेजारचे दुकानदार पाहाले आले. एकानं विचारलं, "तेजरामभाऊ, मैशीले आंघोळ घालाची आहे का यात?" मी चूप. त्याले वाटलं माही तब्येत बिघडली.

शेवटच्या दिवशी मोनिका म्हने, "बाबा, एक बारीक जाळी मी वेगळी करून देते. संगं ठेवून देऊ. लागली तं लागली."

अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. पन मी म्हटलं, "नको. त्याइले वाटन आपन शहानपना दाखवून राहिलो. इवायाच्या घरी शहानपना नको."

तिनं माह्याकडं पाहिलं. "तुमी बोलून राहिले हे?" म्हने. अन् हातातली सळई खाली ठेवली.

मंडईच्या दिवशी आमी बापलेक मोटरसायकलनं गेलो. चंद्रकांताचा गुडघा दुखत होता, ती घरी राहिली. जाता जाता पुन्हा बजावलं तिनं, "तोंड!" मी म्हटलं, "हाव वो बाई, शिवूनच नेतो."

स्मोकर गल्लीत उभा होता. फाटकातून आत गेला होता, पन अंगनात वळे ना, म्हनून बाहेर रस्त्यावरच ठेवला. भुपेंद्रभाऊले तं तेच पायजे होतं. स्मोकरले झेंडूची माळ घातली होती, हळदकुंकू लावलं होतं, नळ्यातून धूर निघून राहिला होता, अन् मंडईले आलेलं अर्धं गाव त्याच्यासंगं फोटो काढून राहिलं होतं. भुपेंद्रभाऊ बाजूले उभा, नव्या सफारीत, लोकाइले समजावून सांगत. "लो टेंपरेचर. स्लो कुकिंग." ऐकनारे म्हातारे मान हालवत होते. समजत कोनाले काही नव्हतं, सांगनाऱ्यालेही नाही.

सकाळी सातपासून जाळ लावला होता. बाभळीचं अर्धं झाड संपलं असन, पन मटनाचा पत्ता नाही. मटन आलं साडेदहाले. घेऊन आला नत्थू. नत्थू म्हनजे त्या गावात चाळीस वर्सापासून बकरे कापनारा अन् वाटे घालनारा मानूस. दोन टोपल्या पळसाच्या पानानं झाकलेल्या.

भुपेंद्रभाऊनं पान उचललं. आत बारीक बारीक तुकडे. "हे काय? मी सोळा तंगड्या सांगितल्या होत्या!"

नत्थू म्हने, "भाऊ, सोळा तंगड्या म्हनजे चार बकरे. गावानं कापले पाच. म्हनजे बाकीच्या घराइनं काय मुंड्या चाटाच्या? तुमचे आठ वाटे होते, हे घ्या आठ वाटे. मोजून घ्या." अन् हात पुसत निघून गेला. त्या दिवशी त्या गल्लीत माप समजनारा एकच मानूस भेटला मले, तोही कसाई.

भुपेंद्रभाऊचा चेहरा पाहासारखा झाला होता. पन मागं सरन तो भुपेंद्रभाऊ कसला. "चालन," म्हने. "हेच ठेवा."

दोन इंचावरच्या सळ्या अन् दीड इंचाचे तुकडे. घरच्या बाया एक एक तुकडा आडवा करून सळईवर मांडून राहिल्या होत्या. एक मांडला का दोन खाली. बारा किलो मटनापैकी निम्मं ड्रमाच्या बुडात, काजळीत. वर राहिलं ते त्या सहा फुटात इथं एक, तिथं एक. बाजार उठल्यावर वांगे पडून राहतात तसं. झाकन लावलं. भुपेंद्रभाऊ घडी पाहून म्हने, "आता कोनी उघडाचं नाही."

दोन वाजता पाहुने बसले. पत्रावळी मांडल्या. अडीच वाजले. पोट्टेपाट्टे रडाले लागले. कोनाचा तरी फुफाजी होता, पागोटेवाला म्हातारा. तो म्हने, "अरे, मटन शिजून राहिलं का उगवून राहिलं?" लोक हसले. मंग भुपेंद्रभाऊनं झाकन उघडलं.

चुलीकडचे तुकडे कोळसा झाले होते. नळ्याकडचे गुलाबीच्या गुलाबी. मंदातले वाळून ताडपत्री. फुफाजीनं एक उचलला, दातात धरला, काढला, पाहिला. "मटन आहे का बिबे आहेत बापा?" अन् जो हशा पिकला! मलेही हसू येऊन राहिलं होतं पोटातून. पन मी तोंडावर दुपट्टा धरला.

ऐंशी मानूस हसून राहिलं होतं अन् भुपेंद्रभाऊ मंदात उभा. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अन् मंग त्याची नजर माह्यावर पडली. बुडत्याले ओंडका दिसावा तशी पडली.

"हे पाहा, हे आमचे होनारे इवाई," तो मोठ्यानं म्हने. "यांचं काम आहे हे. मापच समजत नाही त्याइले. मी जीव तोडून सांगितलं, छोटा करा, जाळी बारीक टाका, मटन वाट्याचं आहे. पन म्हने मोठाच घ्या. लोखंड जास्त लागलं का याइचं बिल मोठं होते न!"

सगळ्याइचे डोळे माह्याकडं.

काय काय आलं माह्या डोक्यात! तीस वर्साचा सगळा साठा एकदम गळ्याशी आला. दोन वाक्यात त्याचा सफारी उतरवला असता मी, त्याच ड्रमात बसवून झाकन लावलं असतं. मी मोनिकाकडं पाहिलं. ती माह्याकडं पाहत नव्हती. नीलेश चार पावलांवर पान्याचा जग घेऊन उभा होता, अन् ती त्याच्याकडं पाहत होती, श्वास रोखून. मले वाटलं, घाबरली पोरगी. आता बाप तोंड उघडते अन् हीही सोयरीक जाते, असं वाटून राहिलं असन तिले.

मी म्हटलं, "हाव. चुकलं माहं. माप चुकलं."

तोंडातून निघालं अन् मलेच खोटं वाटलं का हा आवाज माहा आहे.

भुपेंद्रभाऊ खुलला. जवळ आला, माह्या पाठीवर थाप मारली. "असू द्या, असू द्या. मानूस आहे, चुकते." त्यानं मले माफ केलं, ऐंशी लोकाइसमोर! त्या भोपळ्यानं मले माफ केलं!

"नीलेश," मोनिका म्हने. आवाज मोठा नव्हता, पन सगळ्याइले ऐकू गेला. "मी तुले माप दिलं होतं. लांबी किती होती अन् जाळी कशी होती, सांग सगळ्याइले."

नीलेशनं बापाकडं पाहिलं. मंग जगाकडं पाहिलं. "जाऊ दे न मोनिका," म्हने. "कायले तमाशा करते? काका तं मान्य करून राहिले न चूक." अन् वाकून फुफाजीच्या गिलासात पानी टाकाले लागला. गिलास आधीच भरला होता. पानी पत्रावळीवर सांडलं.

मोनिका घरच्या बायाइसंगं बुडातले तुकडे काढाले बसली. बायाइनं ते चार पान्यानं धुतले, अंगनात तीन चुली मांडल्या, पाट्यावर मसाला वाटला, अन् चार वाजता सगळ्याइले रस्सा वाढला. लोक बोटं चाटून जेवले. भुपेंद्रभाऊही जेवला, दोनदा मागून. अन् सगळ्याइले सांगे, "स्मोकचा फ्लेवर आला बरं का याच्यात!" लाज म्हनून एक वस्तू असते, ती त्याच्या मापात बसतच नव्हती.

जेवन झाल्यावर त्यानं मले खाटेवर बाजूले बसवलं, सुपारी दिली. "पंचवीस तारखेले साक्षगंध करून टाकू. काय म्हन्ता?"

मी म्हटलं, "हाव."

मनातल्या मनात मी खुश होतो, खोटं कायले बोलू. त्या येड्याले वाटे तो जिंकला. पन सोयरीक कोनाची पक्की झाली? पोरीले काय पायजे होतं, तेच मिळालं. चार शब्द गिळले तं काय मोठं बिघडलं माहं? असा हिशोब करत मी मोटरसायकलले किक मारली.

ऊन उतरतीले लागलं होतं. दोन्ही बाजूले कापलेल्या धानाचे पुंजने उभे. मोनिका मागं चूप बसली होती. मी म्हटलं, थकली असन. तळ्याच्या पाळीवर आलो तं म्हने, "बाबा, गाडी थांबवा."

थांबवली. ती उतरली, समोर येऊन उभी राहिली.

"मी नीलेशले नाही म्हनून सांगितलं."

"कवा?"

"हात धुताना. तुमी सुपारी खाऊन राहिले होते तवा."

मी गाडीवरून उतरलो. स्टँड लावला. "अवो पोरी! अवो, मी तं तुह्यासाठी... मी एवढं ऐकून घेतलं, त्या टोनग्यासमोर मान खाली घातली, ते कोनासाठी? तुले तो पायजे होता म्हनून न? माहं काय जाते चार शब्दानं?"

"मी त्याच्याकडं पाहून राहिली होती, बाबा. मले वाटलं तो बोलन. नाही बोलला तं तुमी बोलान, हे तं मले पक्कंच माहीत होतं. भ्या मले नीलेशचं होतं. तुमचं नव्हतं." तिचा आवाज फाटला. "लहानपनापासून लोक म्हन्तात, तुहा बाप लय तोंडाळ आहे. मले कधी वाईट नाही वाटलं. मले वाटे, असू दे, कामाचं खोटं तं कधी बोलत नाही. दोन सोयरिकी गेल्या तवा आई रडली. मी नाही रडली."

मी म्हटलं, "मोनिका, ऐक..."

"तुमाले ती बारीक जाळीही करू द्याची नव्हती. माहं माप बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं. अन् तुमी ऐंशी लोकाइसमोर म्हटलं, चुकलं. अन् वरून माह्या नावावर टाकता, का तुह्यासाठी म्हटलं."

रस्त्यानं मंडईची मानसं जाऊन राहिली होती. एकानं ओळखलं, "काय तेजरामभाऊ!" म्हने. मी हात वर केला.

"नीलेश भेकड आहे हे आज समजलं. ठीक आहे, लग्नाआधी समजलं," ती म्हने. दुपट्ट्यानं नाक पुसलं तिनं. "त्याले सोडता येते, बाबा. तुमाले कसं सोडू?"

मंग ती पुन्हा मागं बसली. येताना माह्या खांद्यावर हात होता तिचा, आता कॅरिअर धरून बसली. मोहाडी येईपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं अन् तीनदा मिटलं.